हत्यार आणि त्याची बॅटरी

हत्याराचा इतिहास म्हणजे त्याच्या धारेचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कारागिराच्या दृष्टीने मुठीचा व दांड्याचा इतिहासही तितकाच मोलाचा आहे. पटाशीचे पाते आजोबांचे आणि मूठ नातवाने बसविलेली, हे सुताराच्या घरी नवल नव्हे. आपले नाशिक तर तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. कल्हई उडाली म्हणून येथे कोणी पातेले टाकून दिले नाही. कल्हईवाल्यास हाक मारली. झिजणारा भाग निराळा, टिकणारा भाग निराळा, आणि झिजेल ते गावातच भरून निघावे, ही जुन्या संसाराची रीत होती. विजेच्या हत्यारांत ही रीत कशी पालटली, ते आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली हातात धरण्याचे विजेचे ड्रिल बनविले. पण ते तारेला बांधलेले होते. तार सोडवावयाची तर वीज बरोबर नेली पाहिजे. व्होल्टाने १८०० साली विजेची रास रचली, प्लान्तेने १८५९ साली पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी केली, आणि १८९९ साली स्वीडनच्या युंगनरने निकेल-कॅडमियमची बॅटरी शोधली. तिच्या बळावर अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बिनतारेचे ड्रिल बाजारात आणले. दहाच वर्षांनी, १९७१ साली, अपोलो १५ च्या वीरांनी चंद्राची जमीन बॅटरीच्या ड्रिलनेच भोकली. पुढे १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आली, आणि २००५ च्या सुमारास ती हत्यारांच्या मुठीत शिरली.

येथे थोडे गणित करू. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा; म्हणून १८ व्होल्टला १५ सेल लागत. लिथियमचा सेल ३.६ व्होल्टचा, तेथे पाचांत काम भागते. पूर्ण भरलेला असा सेल सुमारे ४ व्होल्ट दाखवितो, म्हणून काही उत्पादक त्याच पाच सेलांवर २० व्होल्टचा शिक्का मारतात. आकडा मोठा, शक्ती तीच. गिऱ्हाइकाने हे ध्यानी ठेवावे.

वजन घटले, जोर वाढला, हा लाभ खराच. परंतु बॅटरी काही वर्षांत थकते आणि मोटर, गिअर, चक शाबूत राहतात. तोवर उत्पादकाने बॅटरीचा आकार बदललेला असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा फर्निचरच्या कामावर राबणाऱ्या फिटरास व सुतारास मग धडधाकट हत्यार अडगळीत टाकावे लागते. याउलट निफाड-दिंडोरीकडील शेतकऱ्याचा पाठीवरचा फवारणी पंप पाहा. त्यात बहुधा १२ व्होल्टची साधी शिशाची बॅटरी असते. ती कोणत्याही दुकानी मिळते, नि पंप पुन्हा चालू होतो. दोष विजेचा नव्हे. दांडा कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या खोक्यात नवे सेल भरून देणारे कारागीर आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र हे काम कल्हईइतके सोपे नाही. सेल एकाच जातीचे व एकाच क्षमतेचे हवेत. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडाव्यात, कारण डाखाच्या उष्णतेने सेल बिघडतो. चार्जरची गोष्ट तर अधिक नाजूक. लिथियमच्या सेलला ४.२ व्होल्टशी थांबविणारा चार्जर लागतो. निकेल-कॅडमियमचा जुना चार्जर निराळ्या हिशेबाने चालतो. त्यावर लिथियमची बॅटरी लावणे म्हणजे आगीशी खेळ होय. बॅटरी बदलली की चार्जरही तिच्या जातीचा घ्यावा.

निकामी बॅटरीचे काय? कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने २०१६ अखेरपासून हत्यारांतील त्याच्या बॅटऱ्यांची नवी विक्री थांबविली. आपल्याकडे २००१ चे नियम शिशाच्या बॅटरीपुरते होते; २०२२ च्या नियमांनी सर्व जातींच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणून ती घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, मग गोदावरीच्या पात्राची गोष्टच सोडा.

बाहेर थोडा उजेड दिसतो आहे. २०१८ साली जर्मनीतील मेटाबो कंपनीच्या पुढाकाराने अनेक उत्पादकांनी एकच बॅटरी वापरण्याचा करार केला. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे संकेतस्थळ उघडले. परंतु कायद्याआधी गिऱ्हाइकाचा प्रश्न पोहोचतो, असे आम्हांस वाटते. ड्रिल घेताना आपण किंमत व जोर विचारतो. त्याबरोबरच ‘पाच वर्षांनी हिची बॅटरी मिळेल काय?’ असेही विचारावे. हा प्रश्न दहा दुकानांत दहा जणांनी विचारला, तर उत्तर देणे उत्पादकास भाग पडेल. ज्या हत्यारावर कारागिराचे पोट चालते, ते किती दिवस चालावे हे ठरविण्यात त्याचाही हात असला पाहिजे.