जोडपट्टी (कार्ब्युरेटरची)

एंजिनाच्या मॅनिफोल्डवर परक्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवताना बोल्टांची भोके जुळत नाहीत, तेव्हा मध्ये घालायची जाड पट्टी. गॅरेजात हिला ‘अडॅप्टर’ म्हणतात.

आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे जुनी पेट्रोल जीप. विलीजच्या २१९९ सीसी, ६० अश्वशक्तीच्या एंजिनावर अमेरिकी कार्टर कार्ब्युरेटर असे. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, तसा सोलेक्स आला. तो अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीवरही असल्याने त्याचा जेट किंवा फ्लोट मिळवणे सोपे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडची वाट बंद होते. अशा मुलखात गाडी चालवणाऱ्याला हीच गोष्ट मोलाची.

पट्टी बनवणे अवघड नाही. खालची भोके मॅनिफोल्डप्रमाणे पाडून स्क्रूंची डोकी पट्टीत बुडवायची, वर कार्ब्युरेटरच्या मापाने आटे पाडून स्टड बसवायचे, मधले छिद्र पायरी न राहता उतरते घासायचे. दोन्ही बाजूंना गॅस्केट हवेच. पृष्ठभाग जरा वाकडा राहिला तरी एंजिन तिथून हवा ओढते. मग स्लोचा स्क्रू कितीही फिरवा, गाडी मिसिंग मारतच राहते. फ्लोटची वाटी गाडीच्या तोंडाकडे ठेवावी, नाहीतर चढावर पेट्रोलची पातळी दगा देते. बॉनेट मिटते का, हे आधी मोजावे.

पट्टी कशाची करावी, हा चंद्रपूरसारख्या उष्ण मुलखात गौण प्रश्न नाही. विलीजच्या एंजिनात इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टला चिकटूनच असतो. थंड मुलखात ती ऊब उपयोगी, इथल्या पंचेचाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात उपद्रवी. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता वर पोचवते, वाटीतले पेट्रोल उकळते आणि गरम एंजिन पुन्हा सुरू होत नाही. म्हणून बेकेलाइटची, म्हणजे बाजारातल्या हायलमची पट्टी बरी.

खरे काम पट्टीनंतर सुरू होते. १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बॅसडरवरच्या सोलेक्सचे जेट जीपच्या मोठ्या एंजिनाला अपुरे पडतात. मुख्य जेट बदलत जावे आणि प्लग पाहावा: पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, बदामी असेल तर ठीक. व्हेंचुरीच अरुंद असेल, तर जेट वाढवूनही जोर येत नाही. शेवटी पीयूसी तपासणी आहेच.

मूळ कार्ब्युरेटरचे दुरुस्ती किट मिळत असेल, तर पट्टी कापण्याच्या भानगडीत पडू नये. ताडोबात फिरणाऱ्या मारुती जिप्सींपैकी २००० नंतरच्या एमपीएफआय गाड्यांना कार्ब्युरेटरच नाही, म्हणून तिथे पट्टीचा प्रश्नच येत नाही.