पैजेचा हिशेब

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण दिवाळीचा पाडवा म्हणतो. जुन्या पंचांगांतून तिचे आणखी एक नाव आढळते. ते म्हणजे द्यूतप्रतिपदा. शिवपार्वती या दिवशी द्यूत खेळली आणि या दिवशी जो जिंकतो त्याला वर्ष चांगले जाते, अशी जुनी समजूत आहे. माझे आजोबा वर्षभर पत्त्यांना शिवत नसत. पण पाडव्याच्या दुपारी कवड्या घेऊन बसत आणि आजीकडून चार आणे हरून उठत. “आज हरलेलेच बरे,” असे वर म्हणत. त्या म्हणण्याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता.

2023 सालच्या पाडव्याला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे नाव सांगत नाही. दहावीला गणितात त्याला चांगले गुण होते, पुढे शहरात नोकरी लागली होती. विश्वचषकाचे दिवस होते. दुसऱ्याच दिवशी वानखेडेवर भारत आणि न्यूझीलंड यांचा उपांत्य सामना व्हायचा होता. फराळ झाल्यावर त्याने खिशातून एक वही काढली व म्हणाला, “सर, एक गणित तपासून द्याल?”

ते गणित वाचकांपुढे मांडतो, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे आहे. एका सामन्यात पहिल्या संघावर एक बुकी 1.60 चा भाव देतो, म्हणजे रुपया लावून संघ जिंकला तर मुद्दल धरून एक रुपया साठ पैसे परत. दुसराच एक बुकी त्याच सामन्यात दुसऱ्या संघावर 2.80 चा भाव देतो. आता 1 ला 1.60 ने भागले तर 0.625 येतात आणि 2.80 ने भागले तर सुमारे 0.357. दोहोंची बेरीज 0.982, म्हणजे एकाहून कमी. बेरीज एकाहून कमी आली की समजावे, दोन्ही बाजू विकत घेऊनही पैसे उरतात. हजार रुपयांतले 636 पहिल्या संघावर एका बुकीकडे लावायचे, 364 दुसऱ्या संघावर दुसऱ्याकडे. पहिला संघ जिंकला तर 1017 रुपये साठ पैसे हाती येतात, दुसरा जिंकला तर 1019 रुपये वीस पैसे. कोणीही जिंको, अठरा रुपयांच्या आसपास सुटतात. क्रिकेटचे ज्ञान नको, दैवाची कृपा नको. नुसता भागाकार हवा.

मी दोनदा ताळा पाहिला. माझे गणित दहावीच्या फारसे पलीकडे गेलेले नाही, पण एवढ्याला ते पुरते. गणित बरोबर होते. सवयीने मी लाल पेन घेतले आणि पानाच्या कडेला बरोबरची खूण केली. त्या खुणेबद्दल हा लेख आहे.

त्या सुमारास एका कादंबरीसाठी मी पेशवाईतल्या सराफांविषयी वाचीत होतो. त्यामुळे मुलाची युक्ती मला नवी वाटली नाही, उलट ओळखीची वाटली. त्या काळी मराठी मुलखात एक नाणे चालत नसे. पुण्याकडे अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी, शिवाय सुरती आणि इतर कितीतरी. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. एका नाण्याचे दुसरे करून घ्यायचे तर बट्टा पडे आणि तो बट्टा गावोगाव सारखा नसे. एके ठिकाणी जो रुपया कमी बट्ट्याने मिळतो तोच दुसरीकडे चढ्या भावाने खपतो, हे ज्याला आधी कळे त्या सराफाचे त्यात साधे. नाण्यांचे हे अंतर मोडू लागले 1835 साली, जेव्हा कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वस्तू एक, भाव दोन, आणि मध्ये उभा राहणारा हिशेबी माणूस हा धंदा किती जुना आहे, हे यावरून ध्यानी येईल.

घोड्यांच्या शर्यतीत हे गणित शिरले ते इंग्लंडात. आधी पैज मालकामालकांत लागे: माझा घोडा की तुझा. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात न्यूमार्केटच्या मैदानावर ऑग्डेन नावाच्या गृहस्थाने शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याला वेगळा भाव देण्यास सुरुवात केली, असे सांगतात. त्याला पहिला बुकी मानतात. बुकीची खुबी अशी की, त्याच्या वहीतल्या सगळ्या भावांचे वर सांगितल्याप्रमाणे भागाकार करून बेरीज केली तर ती एकाहून थोडी जास्तच येते. जास्तीचे जे येते ते त्याचे पोट. म्हणून एकाच बुकीकडे सगळे घोडे लावणारा हटकून हरतो. पण बुकी दोन झाले, दोघांची मते वेगळी झाली, की कधीमधी एकाच्या वहीतला एक भाव आणि दुसऱ्याच्या वहीतला दुसरा अशी जोडी जमते आणि बेरीज एकाच्या खाली उतरते. माझ्या विद्यार्थ्याने धरली ती हीच फट. 2000 साली इंग्लंडमध्ये ‘बेटफेअर’ निघाले. तेथे बुकीवाचून लोक आपापसांत पैजा लावू आणि खाऊ लागले. भावांच्या पेठा वाढल्या आणि ही फट शोधणारेही वाढले.

येथवर सारे ठीक. पण पैजेच्या इतिहासात भावाच्या प्रश्नाहून मोठा प्रश्न दुसराच आहे. हरणारा पैसे देईल कशावरून?

या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास मुंबईत घडला आहे. कंपनी सरकार अफूचा लिलाव कलकत्त्यास करीत असे. त्या लिलावात अफूला काय भाव येईल यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावीत. अशीच एक पैज कोर्टात गेली आणि तेथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे. रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सोजूमल धोंडमल असे त्या दाव्याचे नाव. 1848 साली निकाल लागला. पैज या देशात बेकायदा नाही, जिंकणाऱ्याला कोर्टातून पैसे मागता येतात, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. पण त्याच वर्षी सरकारने एकविसावा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरविले. इंग्लंडात तेच 1845 साली झाले होते. मुंबई इलाख्याने 1865 साली आणखी एक पाऊल टाकले आणि पैजेच्या आधाराने केलेले इतर करारही निकामी केले. पुढे 1872 च्या करार कायद्याचे तिसावे कलम आले. ते आजही आहे. पैजेचा करार रद्द, जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालणार नाही. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्यास द्यायच्या पाचशे किंवा त्याहून अधिक रुपयांच्या बक्षिसाची वर्गणी तेवढी या कलमातून सुटली आहे.

या कलमाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कायदा येथे पैज लावणाऱ्याला पकडून नेत नाही. त्यासाठी 1887 चा मुंबईचा जुगारबंदी कायदा निराळा आहे. पावसाच्या पैजा त्यात बसेनात म्हणून 1890 साली तो दुरुस्त करावा लागला, इतकी मुंबईला पैजेची हौस! तिसावे कलम एवढेच म्हणते की, तुमच्या या व्यवहारात आम्ही पडणार नाही.

मग कोर्टावाचून हा व्यवहार चालला कसा? तो चालला तोंडओळखीवर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी उघडणारा आणि संध्याकाळी बंद होणारा भाव, यावर मुंबईत आकडा लागत असे. साठ साली सुरू झालेल्या दशकाच्या प्रारंभी ते भाव येणे थांबले. 1962 साली वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि 1964 साली रतन खत्री यांनी मटका काढला. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हाच, आणि त्याने कितीक गिरणी कामगारांचे पगार घरी पोचू दिले नाहीत. पण ज्याचा आकडा लागला त्याला पैसे मिळतात, असा लोकांचा विश्वास होता, म्हणून तो चालला. ज्या दिवशी मिळाले नसते, त्या दिवशी अड्डा ओस पडला असता. सराफाचेही तेच. त्याची हुंडी परत आली की पेढी बुडाली. पैसे देता येईनासे झाले की सराफ भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरूनच ‘दिवाळे’ शब्द आला, असे सांगतात. तो दिवा लोकांना दिसे, हे महत्त्वाचे. दुकान गावात असे, सराफ गावात असे, त्याची मुलेबाळे गावात असत.

माझ्या विद्यार्थ्याचे बुकी कोठे होते? ते त्यालाही ठाऊक नव्हते. कोठल्यातरी बेटावरची नोंदणी, आणि फोनच्या पडद्यावर एक नाव.

तो पुढल्या मे महिन्यात परत आला. वही तीच होती, पण आता भरलेली. चाळिसांच्यावर व्यवहार त्यात नोंदले होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लहानसा नफा. एकही गणित चुकलेले नव्हते. झाले होते ते असे: दोन बुकींपैकी एकाकडे सतत हार होते तेव्हा दुसऱ्याकडे जीत साठते. एका खात्यातले पैसे आटतात, दुसऱ्यात फुगतात. कागदावर दोहोंची बेरीज वाढतच असते. त्याचे बहुतेक सारे पैसे एका खात्यात जमले, आणि त्याने ते काढायला घेतले त्या आठवड्यात ते खाते बंद झाले. नियमभंग झाला, एवढे एका ओळीचे उत्तर आले. त्यानंतर उत्तरच नाही. त्यात त्याचे साठवलेले होतेच, शिवाय बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी त्याच्याकडे ठेवायला दिलेलेही होते.

“सर, वकिलाकडे जाऊ का?” त्याने विचारले. मी त्याला अफूच्या लिलावापासून तिसाव्या कलमापर्यंतची हकीगत सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “हे त्या दिवशी सांगितले असते तर!”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सराफांविषयी मी तेव्हा वाचीतच होतो. भाव जुळविणारा सराफ मला दिसला होता, पण हुंडी वटली नाही तर काय होते, ते पान मी त्याच्यापुढे उघडले नाही. शिक्षकाने गणित तपासावे. पण गणितात काय गृहीत धरले आहे, तेही विचारावे. हजारामागे अठरा रुपये मिळतात, म्हणजे एकदा हजार बुडाले की आधीची पंचावन्न बरोबर गणिते पुसली जातात. दोन्ही बुकी पैसे देतील, हे त्या गणिताचे पहिले वाक्य होते आणि ते कोणीच लिहिले नव्हते.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो किती पाळला जाईल हे पुढचे पुढे. पण नवे दुकान नव्या नावाने उघडते आणि नवे पोर वही घेऊन बसते, हे मी पाहतो आहे. परवाच आठवीच्या वर्गात एकाने मला विचारले, “सर, दोन्ही संघांवर पैसे लावले तर हरणार कसे?” मी तास थांबविला. फळ्यावर भागाकार मांडला, बेरीज केली, उत्तर बरोबर आहे असेही सांगितले. मग खडूने खाली एक ओळ लिहिली: ‘पैसे देणारा कोण, तो राहतो कोठे, आणि त्याने न दिले तर तुम्ही कोणाकडे जाणार?’ या ओळीचे उत्तर येईपर्यंत गणित पुरे झाले असे समजू नका, एवढे बोललो.

त्या मुलाने बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढले आहे. हप्ते नियमाने भरतो. गेल्या पाडव्याला तो आला तेव्हा मी आजोबांच्या कवड्या काढल्या. चार डाव खेळलो. तो जिंकला, मी त्याच्या हातावर एक रुपया ठेवला. त्याने तो खिशात घातला आणि हसून म्हणाला, “सर, ही वसुली मात्र पुरी झाली.”