सामाईक प्रशिक्षण विमान

सामाईक प्रशिक्षण विमान : क्लबाच्या किंवा प्रशिक्षण संस्थेच्या मालकीचे, अनेक प्रशिक्षणार्थी आळीपाळीने वापरतात असे विमान. खाजगी वैमानिक परवान्यानंतर व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे तास बहुधा अशाच विमानावर भरले जातात. शुल्क तासावर आकारतात.

इतिहास : भारतात ही पद्धत फ्लाइंग क्लबांमुळे रुजली. मुंबईतील जुहू येथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. त्या काळी ‘मॉथ’ जातीची दोन आसनी विमाने वापरात होती. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला परवाना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा. स्वातंत्र्योत्तर काळात हिंदुस्थान एअरक्राफ्टने क्लबांसाठी ‘पुष्पक’ बनविले (पहिले उड्डाण १९५८). ते कापडी आवरणाचे असून दोघे शेजारी बसत. पुढे सेसना १५२ (दोन आसने) व १७२ (चार आसने) रूढ झाली.

परवान्याच्या अटी : खाजगी परवान्यास किमान ४०, तर व्यावसायिक परवान्यास २०० तास लागतात. या २०० पैकी १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून हवेत. त्यांतले किमान १५ अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. प्रमुख वैमानिक म्हणून २० तास दूरपल्ल्याचे उड्डाण, त्यात ३०० नॉटिकल मैलांची (सु. ५५५ किमी.) एक फेरी व वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा, शिवाय १० तास उपकरणांवर आणि ५ तास रात्री.

तासांची नोंद : विमान एक, वह्या दोन. एक विमानाची जर्नी लॉगबुक, दुसरी वैमानिकाची स्वतःची. एकाच फेरीचे आकडे दोन हिशेबांत निराळे पडतात. वैमानिकाचा उड्डाणकाळ उड्डाणासाठी चाके हलल्यापासून विमान पुन्हा थांबेपर्यंत धरतात. देखभालीच्या हिशेबात मात्र चाके जमीन सोडल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचाच वेळ येतो. धावपट्टीपाशी ताटकळलेली मिनिटे वैमानिकाच्या खात्यात जमा होतात, देखभालीच्या खात्यात नाहीत.

प्रमुख वैमानिकाचा तास एकाच नावावर चढतो. दोघे प्रशिक्षणार्थी दूरच्या फेरीला गेले, तर जाताना एक व येताना दुसरा चालवतो. मागे बसून पाहणाऱ्याच्या वहीत काही येत नाही. ठरावीक तासांनी विमान तपासणीसाठी उभे राहते आणि सगळ्यांची पाळी पुढे सरकते. अशा खोळंब्यात सहा महिन्यांची मुदत टळली, तर जुने तास वहीत राहूनही त्या अटीपुरते निरुपयोगी ठरतात आणि पुन्हा उडावे लागते. म्हणून पाळीची यादी व देखभालीचा तक्ता समोरासमोर ठेवून आखतात.

महाराष्ट्र : जुहूच्या आकाशातील गर्दीमुळे बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्याकडे वळले. बारामती व गोंदिया (बिरसी) येथेही प्रशिक्षण संस्था आहेत. नागपूर फ्लाइंग क्लब जुना.

सिंधुदुर्ग : चिपी (ता. वेंगुर्ला) विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला; धावपट्टी सु. २,५०० मी. वापर प्रवासी वाहतुकीचा. मालवण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात व दृश्यमानता घटते. डोळ्यांनी मार्ग पाहून करावयाच्या प्रशिक्षण उड्डाणांना हा काळ प्रतिकूल.