साधन कोणाच्या हाती?

हंगेरी देशात, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना या दोन नगरांना जोडणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, कोच नावाचे एक लहानसे खेडे आहे. पंधराव्या शतकात तेथील कारागिरांनी एक हलकी व वेगवान घोडागाडी बांधली आणि गावाचेच नाव त्या गाडीला चिकटले. गाडीबरोबर ते नाव युरोपभर फिरले व इंग्रजीतही रुळले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी थट्टेने हाच शब्द खाजगी शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांना लावला. परीक्षेच्या चिखलातून जो आपल्याला अलगद पलीकडे नेऊन सोडतो, तो कोच! त्याच शतकात हा शब्द वल्हेकऱ्यांच्या आणि खेळाडूंच्या मैदानात उतरला. आज आपल्या धर्मग्रामातील फुटबॉलच्या संघापासून दहावीच्या शिकवणीवर्गापर्यंत सर्वत्र त्याचा संचार आहे.

विद्यार्थ्यांच्या त्या थट्टेत एक सत्य होते, तसाच एक धोकाही होता. गाडीत बसलेला मनुष्य मुक्कामी पोहोचतो खरा. परंतु त्याला चालता येऊ लागले, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. प्रशिक्षकाच्या इतिहासाकडे पाहताना आमच्या मनात हा प्रश्न वारंवार उभा राहतो. प्रत्येक क्षेत्रातील प्रशिक्षकापाशी एखादे आवडते साधन असते. गवयापाशी तानपुरा, तालमीतील वस्तादापाशी लाल माती, धावण्याच्या शिक्षकापाशी सेकंद मोजणारे घड्याळ, शाळामास्तरांपाशी खडू आणि फळा. साधनावाचून प्रशिक्षण नाही. परंतु हे साधन अखेर कोणाच्या हाती राहते, गुरूच्या की शिष्याच्या? वाचकहो, इतिहासातील काही प्रशिक्षकांची साधने या एकाच प्रश्नाच्या कसोटीवर पारखून पाहू या.

आरंभ आपण एका मठवासीयापासून करू. इटलीतील पोम्पोसा येथील बेनेडिक्टाईन मठात अकराव्या शतकाच्या आरंभी ग्वीदो नावाचा एक संन्यासी गायनवृंदातील मुलांना शिकवीत असे. त्या काळी चर्चमधील गायन प्रामुख्याने कानावरून चाले. पोथ्यांत शब्दांच्या डोक्यावर काही खुणा केलेल्या असत, परंतु ज्याला चाल आधीच ठाऊक आहे, त्याला आठवण करून देण्यापलीकडे बहुतेक ठिकाणी त्यांचा उपयोग नसे. गुरूने गावे, शिष्याने ऐकावे आणि घोकावे. दहा दहा वर्षे अशी घालवूनही गायकाचे ज्ञान अपुरेच राहते, अशी खंत ग्वीदोने लिहून ठेवली आहे. त्याहून बिकट अडचण अशी की, गुरूने जे गायले नाही, ते शिष्याला कधीच गाता येत नसे.

एकतारी वाद्यावर स्वरांच्या जागा आखून त्याच्या साहाय्याने चाल बसविण्याची पद्धतही त्या वेळी होती. ग्वीदो तिला बालबोध म्हणतो. नवशिक्याला ती चांगली, परंतु पुढे जाऊ पाहणाऱ्याला घातक, असा त्याचा अभिप्राय आहे. हे वाद्य सोडून एक पाऊलही टाकता येत नाही, असे विद्वान त्याने पाहिले होते. साधनाच्या आहारी गेलेल्या शिष्याचे इतके नेमके निदान हजार वर्षांपूर्वी व्हावे, याचे आम्हांस नवल वाटते.

मग ग्वीदोने काय केले? रेघांची आणि रेघांमधील जागांची अशी व्यवस्था बसविली की, स्वराची उंची डोळ्यांना दिसावी. एक रेघ तांबडी, एक पिवळी. त्यांवरून कोणता स्वर कोठे आहे, हे मुलाला तत्काळ कळावे. दुसरीकडे, संत योहान बाप्तिस्मा यांच्या सन्मानार्थ गायल्या जाणाऱ्या एका लॅटिन स्तोत्राची चाल त्याने हाती घेतली. तिचे पहिले सहा चरणखंड क्रमाने एकेक स्वर वर चढत सुरू होतात. त्या खंडांची आद्याक्षरे म्हणजे उत्, रे, मी, फा, सोल, ला. मुलाला हे एक गाणे पाठ असले की सहाही स्वर त्याच्या स्मरणात कायमचे वस्तीला आले. नवे गाणे समोर येताच त्याने रेघेवर पाहावे, मनात तो स्वर शोधावा आणि गावे. हाताच्या पेरांवर स्वर मोजण्याची जी युक्ती पुढे शतकानुशतके शिकविली गेली, तीही ग्वीदोच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्या उपलब्ध लेखनात मात्र ती आढळत नाही.

या पद्धतीने एक-दोन वर्षांत उत्तम गायक घडतो, असे ग्वीदोने आपल्या मायकल नावाच्या मठबंधूला पत्राने कळविले. पोम्पोसाच्या मठात मात्र त्याच्या वाट्याला मत्सर आला. मठ सोडून तो आरेत्सो येथे बिशप थिओडाल्ड यांच्या आश्रयाला गेला आणि त्यांच्याच नावे त्याने आपला ‘मिक्रोलोगुस’ हा ग्रंथ सुमारे १०२६ मध्ये अर्पण केला. पुढे पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलाविले. ग्वीदो सांगतो की, पोपमहाशयांनी त्याची स्वरलिपीची पोथी चाळली आणि पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता आल्यावाचून ते आसनावरून उठले नाहीत. अनोळखी ओळ प्रथमच गाणारे पोपमहाशय काय आणि आरेत्सोच्या गायनवृंदातील पोर काय, त्या रेघांपुढे दोघांची पायरी एकच होती!

मठबंधूंच्या मत्सराचे कारण आम्ही निश्चित सांगू शकत नाही. परंतु जे ज्ञान आजवर गुरूच्या गळ्यात बंदिस्त होते ते कागदावर उतरले, तर गुरूची गरज उरणार काय, ही धास्ती मानवी स्वभावाला नवी नाही. ग्वीदोला ती धास्ती वाटली नाही, यातच त्याचा मोठेपणा आहे.

ग्वीदोच्या त्या स्वरनामांचा प्रवास आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांतून ज्या चर्चशाळा चालत, तेथे अक्षरओळख व धर्मशिक्षण यांच्या जोडीने गायन आणि व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणाऱ्याला ‘मेस्त्र’ म्हणत. मराठीत गवंड्याला वा सुताराला आपण जे ‘मेस्त्री’ म्हणतो, तो याच पोर्तुगीज शब्दाचा भाऊबंद. मेस्त्रांची शिस्त कडक असे. स्वरलिपी वाचण्याचा पाया पक्का झाल्यावाचून व्हायोलिनचा गज हाती मिळणे कठीण. या शाळांतून निघालेली मुले विसाव्या शतकात मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. अनेक संगीतकार तेथे चाल गाऊन वा पेटीवर वाजवून दाखवीत. ती कागदावर उतरवून पन्नास-साठ वादकांपुढे मांडण्याचे काम बहुधा गोमंतकीय संयोजक करीत. माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. संगीतकार जोडीतील प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांनी आपले ऋण व्यक्त केले. गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले. गाणे गुणगुणणाऱ्या लक्षावधी लोकांना हे नाव एका खऱ्या शिक्षकाचे आहे, याची कल्पनाही नसेल.

आता गायनशाळेतून मैदानाकडे वळू. लंडनमध्ये १८६७ साली जन्मलेले सॅम मुसाबिनी हे धावण्याचे प्रशिक्षक. त्यांच्या काळात इंग्लंडमध्ये खेळ हा सभ्य गृहस्थाचा छंद समजला जाई. पैसे घेऊन शिकविणारा प्रशिक्षक हलका मानला जाई. केंब्रिजचा विद्यार्थी हॅरोल्ड अब्राहम्स याने मुसाबिनींना गुरू केले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. मुसाबिनींची साधने साधी होती. सेकंदकाटा, बारीक नजर आणि पावलांचे माप. अब्राहम्सचे पाऊल गरजेपेक्षा लांब पडते, हे त्यांनी हेरले. त्या काळी धावपटू खुरप्यासारख्या हत्याराने जमिनीत खळगे खणून त्यांत पाय रोवीत व तेथून झेप घेत. अब्राहम्स आपल्यापाशी पहिल्या पावलाच्या लांबीइतकी दोरी बाळगी आणि तिच्या साहाय्याने पहिले पाऊल नेमके कोठे पडावे याची खूण करी. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटरचे सुवर्णपदक त्याने १०.६ सेकंदांत जिंकले. ती दोरी पाहावयास किती क्षुद्र! परंतु गुरूची नजर तिच्यात बांधली गेली होती, आणि धावण्याच्या क्षणी ती शिष्यापाशी होती.

अशीच एक क्षुद्र वस्तू मुंबईच्या शिवाजी पार्कवर इतिहासात शिरली. रमाकांत आचरेकर सर सरावाच्या अखेरीस थकलेल्या सचिन तेंडुलकरला फलंदाजीस उभे करीत आणि यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील, नाणे त्याचे. कोणीच बाद करू शकला नाही, तर नाणे सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने मिळविली व जपून ठेवली. फलंदाजीचे तंत्र सर इतर वेळी शिकवीतच. ते नाणे शिकवी ते वेगळेच. दमलेल्या शरीरातही मन जागे ठेवणे आणि आपल्या बळीची किंमत ओळखणे. सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. यष्टीवरचे नाणे आता उचलले गेले आहे, परंतु मनातले तसेच आहे.

येथवरच्या साधनांत एक समान गुण दिसतो. ती उघडी आहेत. रेघ मुलाला दिसते, दोरी धावपटू स्वतः मोजू शकतो, नाणे फलंदाजाच्या पाठीशी सर्वांदेखत ठेवलेले असते. परंतु इतिहासात याच्या अगदी उलट असे साधनही आहे आणि त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पूर्वीच्या पूर्व जर्मनीत १९७४ साली शासनानेच एक गुप्त योजना आखली. तिच्या अन्वये खेळाडूंना स्नायू वाढविणारी संप्रेरके पद्धतशीरपणे देण्यात येऊ लागली. कोवळ्या वयाच्या मुलींच्या हातावर प्रशिक्षक निळ्या गोळ्या ठेवीत आणि ही जीवनसत्त्वे आहेत, असे सांगत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये या देशाच्या महिला जलतरणपटूंनी तेरांपैकी अकरा सुवर्णपदके जिंकली. जगाने टाळ्या वाजविल्या. त्या मुलींचे आवाज घोगरे होत गेले, अनेकींना पुढे गंभीर आजार जडले. देशाचे एकीकरण झाल्यानंतर कागदपत्रे उजेडात आली आणि २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड व वैद्यकीय अधिकारी मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरविले. शिक्षा मात्र दोघांनाही स्थगितच मिळाली.

तेही प्रशिक्षणाचे एक साधनच होते आणि फळाच्या हिशेबाने पाहिले तर ते अत्यंत यशस्वी होते. परंतु ते शिष्यापासून लपविलेले होते. जिच्या शरीरावर ते चालविले गेले, तिला त्याचे नावही ठाऊक नव्हते. येथे शिष्या साधनाची धनी नव्हती. तीच दुसऱ्यांच्या हातचे साधन झाली होती. आमच्या मते प्रशिक्षकाच्या धर्माची सीमा नेमकी येथे आहे.

आपल्या परंपरेतही ही सीमारेषा एका कथेने आखून ठेवली आहे. एकलव्यापाशी साधन कोणते? मातीचा एक पुतळा. त्या पुतळ्यापुढे तो स्वतःच स्वतःचा शिक्षक झाला. आणि प्रत्यक्ष गुरूने त्याच्यापाशी काय मागितले? ज्यावाचून बाण सुटत नाही, तो अंगठा. भारत सरकारने १९८५ साली उत्कृष्ट प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याला द्रोणाचार्यांचेच नाव दिले. त्या नावात अर्जुनाला घडविणारा गुरू आहे, तसाच अंगठा मागणाराही आहे. प्रत्येक प्रशिक्षकाला या दोहोंतून आपली निवड करावी लागते.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. धावपटूच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा असतो, गोलंदाजाच्या हाताची प्रत्येक हालचाल पडद्यावर संथ करून पाहता येते, शिकवणीवर्गात दर आठवड्याला गुणांचे तक्ते लागतात. साधने वाईट नाहीत. परंतु आपली मुले प्रशिक्षकाच्या स्वाधीन करताना पालकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हे मोजमाप माझ्या मुलाला स्वतःला वाचता येते काय? आणि प्रशिक्षक नसेल त्या दिवशी त्याच्या हाती काय उरेल?

ग्वीदोने आपले स्वर ज्या स्तोत्रातून घेतले, ते योहान बाप्तिस्मा यांचे होते, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. ज्याची वाट तयार करावयाची होती, तो येताच योहान आपण होऊन बाजूला झाले. आपले शिष्य त्याच्यामागे जाताना त्यांनी पाहिले आणि त्यांना अडविले नाही. मुलांना शिकविणाऱ्या आम्हां सर्वांना, मग आमच्या हाती खडू असो, शिट्टी असो वा स्तोत्रांचे पुस्तक असो, तेवढे बाजूला होता आले पाहिजे.