क्रमांक बदलण्याचा इतिहास: देवनहळ्ळीचे शिलालेख आणि शेल स्क्रिप्ट

देवनहळ्ळी हे नाव तुम्ही बंगळूरच्या विमानतळामुळे किंवा टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ऐकले असेल. येथे आपण या तालुक्याकडे वळणार आहोत ते तेथील शिलालेखांच्या क्रमांकांसाठी.

म्हैसूर संस्थानातील कोरीव लेख बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. तिचा बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ चा. त्यात प्रत्येक तालुक्याला संक्षिप्त अक्षरे दिली आहेत, देवनहळ्ळीची ‘डीव्ही’. पुढे लेखाचा क्रमांक, आणि तो प्रत्येक तालुक्यात पुन्हा एकपासून सुरू होतो. हे क्रमांक काळानुसार लावलेले नाहीत. काळानुसार यादी हवी म्हणून ती वेगळी दिली आहे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. उद्या एखाद्या लेखाचा काळ शंभर वर्षे मागे गेला, तर यादीत त्याची जागा बदलेल. नाव मात्र तेच राहील.

पुढे म्हैसूर विद्यापीठाने १९७२ पासून या मालेची सुधारित आवृत्ती काढायला घेतली आणि क्रमांक नव्याने लावले. म्हणून संदर्भ देताना जुनी आवृत्ती की नवी, हे सांगावेच लागते. न सांगितल्यास वाचक भलत्याच दगडापाशी पोहोचतो.

आता हाच प्रश्न तुमच्या संगणकावर पाहा. समजा, तुम्ही या तालुक्यात फिरून शिलालेखांची १२० छायाचित्रे काढली आणि फाइलींना १ ते १२० अशी नावे दिली. शेल ही नावे अक्षराअक्षराने लावतो, त्यामुळे १ नंतर १०, मग १००, आणि २ बराच उशिरा येतो. उपाय म्हणजे ००१, ००२ असे तीन अंकी क्रमांक. १२० वेळा हाताने नाव बदलण्याची गरज नाही. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, तेव्हापासून त्यात ‘फॉर’ची आवर्तने आहेत. (आवर्तन ‘डू’ने उघडते. अल्गोल ६८ या भाषेत ते ‘ओडी’ने बंद होई; पण त्या नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीच होती, म्हणून ‘डन’ आले.) आवर्तनाच्या आत ‘प्रिंटएफ’ क्रमांकाला शून्ये जोडते आणि ‘एमव्ही’ नाव बदलते.

धोका या ‘एमव्ही’त आहे. नव्या नावाची फाइल आधीच असेल, तर स्क्रिप्टमध्ये ती बहुधा न विचारता पुसली जाते. सुरुवातीला एक छायाचित्र राहून गेले म्हणून सगळे क्रमांक एकने पुढे सरकवायचे आहेत, असे धरा. १ चे २ केले की मूळ २ गेले. मग त्याच फाइलीचे ३, आणि मूळ ३ गेले. शेवटी १२१ या नावाने एकच छायाचित्र उरते, तेही पहिले. म्हणून असे काम १२० पासून उलटे करावे, किंवा नव्या नावांच्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये कराव्यात. आधी ‘एमव्ही’च्या पुढे ‘एको’ लिहून नुसत्या आज्ञा पडद्यावर वाचाव्यात.

आणि त्याच आवर्तनात आणखी एक ओळ घाला: जुने नाव, स्वल्पविराम, नवे नाव. ती एका साध्या मजकूर-फाइलीत जमा होऊ द्या आणि ती फाइल छायाचित्रांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. तुमच्या वहीतल्या टिपणांत जुनेच क्रमांक असणार आहेत.