समुद्रातलं तेल आणि पेडचे अशोक खाडे

तेलाचा धंदा म्हटला की आमच्या भोर-वेल्ह्यात घाणा आठवतो, नाहीतर पेट्रोल पंप. सांगली जिल्ह्यातल्या पेड (ता. तासगाव) गावच्या अशोक खाडे यांनी मात्र समुद्रातल्या तेलाच्या कामावर उद्योग उभा केला.

वडील मुंबईत चपला शिवायचे. आई गावी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. अशोकरावांना डॉक्टर व्हायचं होतं, पण घरची ओढाताण पाहून ते थोरल्या भावापाठोपाठ माझगाव डॉकमध्ये शिकाऊ कामगार झाले. काळही अनुकूल होता. १९७४ साली 'बॉम्बे हाय'ला तेल सापडलं, १९७६ मध्ये ते निघू लागलं. त्यासाठी भर समुद्रात पोलादी प्लॅटफॉर्म उभारावे लागतात. माझगाव डॉकमध्ये असलीही कामं होत. पुढे १९९० च्या दशकात दत्ता, अशोक, सुरेश या तीन भावांच्या आद्याक्षरांवरून 'दास ऑफशोअर' ही कंपनी निघाली.

एवढं होऊनही ते व्हिजिटिंग कार्डावर आडनाव पूर्ण छापत नसत. का, ते सांगायला नकोच. जात कळेल म्हणून!

अशा माणसाला आपण 'स्वतःच्या बळावर मोठा झाला' म्हणतो. ते खरंच आहे. पण हाताला कसब दिलं ते सरकारी गोदीनं, आणि आडनाव झाकायला लावलं ते आपल्या समाजानं. आई जिथे राबली, ती जमीन त्यांनी पुढे विकत घेतली. नातवंडांना ही गोष्ट सांगाल तेव्हा जमिनीबरोबर त्या कार्डाचंही सांगा. जमिनीची किंमत त्याशिवाय कळायची नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.