दूरनियंत्रित इंजिनचालन व चालकांचे प्रशिक्षण (मुंबई)

ज्या इंजिनात किंवा मोटारडब्यात चालक बसलेला नाही, ते तारेने, रेडिओने किंवा संगणकीय सिग्नल यंत्रणेने चालवणे म्हणजे दूरनियंत्रित इंजिनचालन. प्रस्तुत नोंद वरळी, परळ, लालबाग, दादर हा पट्टा, त्यातून जाणारे उपनगरी लोहमार्ग आणि त्या मार्गांना पुढे लागणारे भोर व थळ घाट यांपुरती आहे.

परदेशातील पार्श्वभूमी : उत्तर अमेरिकेत ही संज्ञा मुख्यतः यार्डातल्या शंटिंगसाठी वापरतात. कर्मचारी रुळांलगत उभा राहून कमरेला बांधलेल्या नियंत्रणपेटीवरून इंजिन पुढेमागे करतो; तो तोल जाऊन पडला तर पेटीतला कल ओळखणारा भाग आपोआप ब्रेक लावतो. कॅनडात ही पद्धत आधी रुजली. अमेरिकेत फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००१ मध्ये सुरक्षाविषयक मार्गदर्शिका काढली आणि २००२ पासून मोठ्या कंपन्यांनी पेट्यांचा वापर वाढवला. इंजिनचालकांच्या संघटनेचा विरोध होता, तर शंटिंग कर्मचाऱ्यांच्या संघटनेने करार केला. साधारण दोन आठवड्यांत तयार झालेला माणूस इंजिन हाताळण्यास पुरेसा आहे का, हा वादाचा गाभा होता. त्याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही.

मुंबईच्या यार्डांत कमरेची पेटी रूढ झाली नाही. तेथील शंटिंग हिरवी-लाल झेंडी, हातबत्ती आणि अलीकडे वॉकी-टॉकी यांवर चालत आले. दूरनियंत्रण मुंबईत आले ते वेगळ्या वाटेने, प्रवासी गाडीच्या पोटातून. नोंदीचा भर त्यावर आहे.

गोदी रेल्वे : पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली; वडाळ्याच्या यार्डातील शंटिंग हातइशाऱ्यांवर होते.

विजेच्या लोकल गाड्या : ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर देशातील पहिली विजेची लोकल धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला निरोप दिला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बीडीडी चाळी (पाहा : बीडीडी चाळी) याच दशकात उभ्या राहत होत्या. गिरणी कामगाराचे १६० चौरस फुटांचे घर आणि त्याला कामावर नेणारी विजेची गाडी या दोन्ही गोष्टी शहराला जवळजवळ एकाच वेळी मिळाल्या. इतिहासलेखनात चाळींना बरीच जागा मिळते, गाडीच्या नियंत्रण-तारांना एक ओळही मिळत नाही.

या तारांचे तत्त्व फ्रँक स्प्रेग या अमेरिकी अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेवर सिद्ध केले होते. गाडीला एक मोठे इंजिन न जोडता मोटारी अनेक डब्यांखाली वाटायच्या आणि पुढच्या केबिनमधल्या एका दांड्यावरून सगळ्या एकदम चालवायच्या, असा तो प्रकार. बारा डब्यांच्या जुन्या लोकलमध्ये चार मोटारडबे असत. मोटरमन पहिल्या डब्यात असे. उरलेले तीन त्याला दिसतही नसत, फक्त त्यांची ओढ पाठीला जाणवे. डब्याडब्यांमधल्या जंपर केबलमधून त्याचा हुकूम मागे जाई. काटेकोर व्याख्येने पाहिले तर हे दूरनियंत्रणच आहे, आणि मुंबईचा प्रत्येक मोटरमन १९२५ पासून ते करत आला आहे.

जुन्या एकदिश प्रवाहाच्या गाडीत नियंत्रकाला मोजक्या खाचा असत : शंट, सिरीज, पॅरलल आणि वीक फील्ड. दांडा ‘डेडमॅन’ प्रकारचा, म्हणजे तळहाताने सतत दाबून धरायचा. हात सुटला की ब्रेक लागलाच. मागच्या टोकाला गार्ड (जानेवारी २०२२ पासून अधिकृत नाव ‘ट्रेन मॅनेजर’). त्याने दोन बेल दिल्या की निघायचे, एक दिली की थांबायचे. उमेदवार मोटरमनच्या हाती हे आधी बसवावे लागते, कारण दादरला फलाटावर माणूस दारात लोंबकळत असताना दोन बेल आल्या की विचार करायला वेळ नसतो. एकदिश प्रवाहाकडून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाकडे झालेले स्थित्यंतर पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पुरे झाले. नव्या गाड्यांत खाचांचा दांडा जाऊन संगणकाधारित नियंत्रण आले आणि कामावर असलेल्या मोटरमनांना नव्याने शिकवावे लागले.

घाटविभाग व बँकर : भोर घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. कर्जतहून लोणावळ्याकडे निघणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी इंजिने, ज्यांना घाटात सगळे ‘बँकर’ म्हणतात, जोडली जातात. थळ घाटात कसारा ते इगतपुरी तोच प्रकार. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज गेल्यावर घाटात स्वित्झर्लंडच्या धाटणीची, पुढे-मागे लांब नाके असलेली मालइंजिने आली; त्यांतल्या ४५०२ क्रमांकाच्या इंजिनाचे नाव ‘सर लेस्ली विल्सन’ होते. हार्बरच्या पहिल्या लोकलला निरोप देणाऱ्या गव्हर्नरचेच नाव घाटातल्या इंजिनावर. हे इंजिन आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

बँकर हा दूरनियंत्रणाचा अभाव आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा. पुढच्या इंजिनात एक चालक, मागच्यात दुसरा. दोघांमध्ये पूर्ण गाडी, वळणे आणि बोगदे. पुढच्याने शिट्टी द्यायची, मागच्याने तशीच शिट्टी देऊन पोच द्यायची, मग दोघांनी एकदम ओढ घ्यायची. पुढे वॉकी-टॉकी आले, पण बोगद्यात आवाज तुटतो. गाडीचा ब्रेक पुढच्याच्या हाती. मागच्याकडे फक्त जोर. पुढच्याने घाईने ओढले आणि मागचा अजून तयार नसला तर कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे होतात. उलट पुढच्याने ब्रेक लावला आणि मागचा ढकलतच राहिला, तर मधले डबे एकमेकांवर दाबले जाऊन वळणावर रुळांबाहेर जाऊ पाहतात. उमेदवाराला हे पाठ करून येत नाही. त्याला अनुभवी चालकाबरोबर घाटात पुन्हा पुन्हा जावे लागते आणि कपलिंगच्या झटक्यावरून मागचा काय करतो आहे ते ओळखायला शिकावे लागते. उतरताना वेगळी कसोटी असते. ब्रेक हाताबाहेर गेलेली गाडी अडवण्यासाठी घाटात कॅच साइडिंगे ठेवलेली आहेत आणि गाडी ताब्यात आहे हे चालकाने तेथे सिद्ध करावे लागते. ‘घाट ड्रायव्हर’ ही पात्रता म्हणूनच वेगळी मानली जाते.

पुश-पुल : जानेवारी २०१९ मध्ये मध्य रेल्वेची मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी नाशिकमार्गे सुरू झाली आणि त्याच वर्षी ती पुश-पुल पद्धतीने धावू लागली. दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-७ इंजिन आणि दोन्ही पुढच्या केबिनमधून चालणारी. मागच्या इंजिनाला हुकूम डब्यांमधून गेलेल्या केबलने जातो. त्यामुळे कसाऱ्याला बँकर जोडण्याचा वेळ वाचला. शिट्टीची भाषा येथे निकामी झाली, पण झटका ओळखण्याची सवय नाही : मागचे इंजिन आता आज्ञाधारक असले तरी मधल्या डब्यांचे वजन तेच आहे. ३० डिसेंबर २०२३ पासून धावणाऱ्या अमृत भारत गाड्याही दोन्ही टोकांच्या इंजिनांवर चालतात.

वंदे भारत गाडीत इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली वाटलेल्या आहेत, म्हणजे १९२५ च्या लोकलचेच तत्त्व. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून सोलापूर व शिर्डीकडे निघणाऱ्या वंदे भारत गाड्या दोन्ही घाट बँकरशिवाय चढतात. घाटाचा प्रश्न अखेर उपनगरी गाडीच्या युक्तीने सुटला, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे. इंजिनप्रेमींना ते रुचणार नाही.

प्रशिक्षण : सहायक चालक म्हणून भरती रेल्वे भरती मंडळामार्फत होते. आयटीआय किंवा पदविका, डोळ्यांची कठोर तपासणी आणि एकाग्रता व प्रतिसादाचा वेग मोजणारी मानसशास्त्रीय चाचणी, जिला लॉबीत सगळे ‘सायको’ म्हणतात. नंतर वर्ग, इंजिनाचा अभ्यास, सिम्युलेटर आणि ‘एलआर’, म्हणजे नव्या मार्गावर दुसऱ्याच्या शेजारी बसून दिवसा-रात्री सिग्नल, चढ आणि वळणे तोंडपाठ करणे. लोको इन्स्पेक्टर समाधानी झाल्याशिवाय दांडा हाती मिळत नाही. मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था भुसावळला आणि विद्युत अभियंत्यांची भारतीय रेल्वे संस्था नाशिक रोडला आहे. मुंबईच्या चालकांसाठी कल्याणचे प्रशिक्षण केंद्र विशेष.

कल्याणच्या केंद्राचा सर्वांत तपशीलवार उपलब्ध वृत्तांत एका व्यक्तीच्या कारकिर्दीतून मिळतो. सुरेखा यादव (जन्म सातारा, २ सप्टेंबर १९६५) यांनी तेथे सहा महिने प्रशिक्षण घेतले आणि १९८९ मध्ये त्या नियमित सहायक चालक झाल्या. त्यांची पहिली गाडी वाडी बंदर ते कल्याण धावणारी एल-५० ही स्थानिक मालगाडी. १९९६ मध्ये त्या मालगाडीच्या चालक झाल्या. २००० मध्ये मोटरवूमन, आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेची पहिली महिला विशेष लोकल त्यांनी चालवली. २०१० मध्ये त्यांनी दोन इंजिनांच्या प्रवासी गाड्यांसाठी घाटाचे खास प्रशिक्षण घेतले आणि ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरवून मुंबईत आणली. कल्याणच्याच केंद्रात पुढे त्यांनी शिकवले. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईकडे येणारी वंदे भारत त्यांनी चालवली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या. आशियातील पहिली महिला रेल्वेचालक असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. या नोंदीच्या दृष्टीने अधिक लक्षणीय हे की, शिट्टीवर चालणारा बँकर आणि बँकरविना घाट चढणारी गाडी या दोन्ही टोकांचा अनुभव एकाच चालकाच्या सेवेत मावला.

रेडिओने चालणारी इंजिने : लांब मालगाड्यांत मधल्या व मागच्या इंजिनांना रेडिओने हुकूम देण्याची पद्धत आहे. संपर्क तुटला तरी पुढच्याने ब्रेक लावला की ब्रेकपाइपमधला दाब उतरतो. तो ओळखून मागचे इंजिन ओढ सोडते. महाराष्ट्राशी संबंधित ठळक लांब गाडी म्हणजे २ जुलै २०२० रोजी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातून कोरब्याकडे धावलेली ‘शेषनाग’ : चार रिकाम्या मालगाड्या एकत्र जोडलेल्या, इंजिनांचे चार संच, लांबी २.८ किलोमीटर. मुंबई उपनगरी मार्गांवर एवढ्या लांब गाड्यांना जागा नाही.

मोनोरेल : वडाळा–चेंबूर टप्पा २०१४ मध्ये आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा २०१९ मध्ये सुरू झाला. गाडीत चालक असे. नव्या सिग्नल यंत्रणेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये सेवा थांबवण्यात आली.

भुयारी मेट्रो व वरळी : मेट्रो मार्गिका ३ ची लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानके २७. आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून आचार्य अत्रे चौकापर्यंतचा १० मे २०२५ रोजी आणि पुढे कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांना खुला झाला. आचार्य अत्रे चौक स्थानक वरळी नाक्यावर, बीडीडी चाळींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. २६ मे २०२५ च्या पावसात त्यात पाणी शिरले होते. वरळीच्या १२१ चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या. म्हणजे चाळींच्या जागी मनोरे आणि खाली मेट्रो हे पुन्हा एकाच वर्षी घडले.

आठ डब्यांच्या या गाड्या अल्स्टॉमने आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बनवल्या. त्या चालकाविना धावू शकतील अशा रचनेच्या आहेत. वेग, दोन गाड्यांमधले अंतर आणि फलाटावर थांबण्याची जागा सिग्नल यंत्रणा ठरवते. फलाटावर काचेची दारे आहेत. येथे प्रशिक्षणाचा अर्थ उलटतो. मोटरमनला गाडी चालवायला शिकवावे लागे. मेट्रोच्या चालकाला यंत्र चालवत असताना जागे राहायला आणि ते अडले की नियंत्रण कक्षाच्या सूचनेनुसार गाडी हाताने फलाटाला लावायला शिकवावे लागते. रोज न वापरलेले कौशल्य सिम्युलेटरवर किती टिकते, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकविरहित सेवा आहे, आणि मार्गिका ३ च्या संचालनाचे कंत्राट दिल्ली मेट्रोकडेच आहे. मुंबईत मात्र ही सेवा सुरू झाली ती केबिनमध्ये चालक ठेवूनच.